रायगड किनाऱ्यावरील प्राथमिक वर्गातील दैनंदिन कृती आणि बालकांचे स्वास्थ्य : एक विवेचन

प्रस्तावना

प्राथमिक शाळेचा दिवस पाठ्यपुस्तकाच्या पानाने सुरू होत नाही. वर्ग झाडणे, हजेरी, परिपाठ, पाण्याची टाकी भरणे, हात धुणे, पोषण आहाराची पंगत, मैदानावरील खेळ आणि सुटीची घंटा या कृतींनी तो विणलेला असतो. अध्यापनाच्या तासिका या विणीत मधूनमधून येतात. शिक्षणशास्त्राच्या आपल्या चर्चेत मात्र तासिकांना मध्यवर्ती स्थान मिळते आणि उरलेल्या कृतींना 'व्यवस्था' अथवा 'सहशालेय उपक्रम' या सदरात टाकले जाते. गेल्या काही वर्षांत बालकांच्या भावनिक स्वास्थ्याची स्वतंत्र दखल शासकीय धोरणांनी घेतली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु ही दखल पुन्हा एका नव्या तासिकेच्या, नव्या नोंदवहीच्या रूपाने शाळेत पोहोचण्याचा धोका आहे.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील, म्हणजे उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांतील प्राथमिक शाळांचा संदर्भ डोळ्यांसमोर ठेवून दैनंदिन कृती व स्वास्थ्य यांचा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. स्वास्थ्याचे पाठ बहुतांशी शाळेच्या नित्य दिनक्रमातच दडलेले असतात, स्वतंत्र तासिका त्यांना पूरक ठरू शकते पण त्यांची जागा घेऊ शकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून तो सर्वेक्षणावर आधारलेला नाही. धोरणे, शिक्षणविचार आणि किनाऱ्यावरील लोकजीवनाची सर्वपरिचित वैशिष्ट्ये हा त्याचा आधार आहे.

स्वास्थ्य : संकल्पनेचा अर्थ

'स्वस्थ' या शब्दाचा मूळ अर्थ स्वतःच्या ठायी स्थिर असलेला असा आहे. केवळ रोग नसणे एवढाच अर्थ त्यातून निघत नाही. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती अशी केली असून रोगाचा अभाव एवढ्यावर ती थांबलेली नाही. बालकाच्या संदर्भात या तीन बाजू एकमेकींपासून वेगळ्या काढणे अधिकच कठीण असते. सहा-सात वर्षांचे मूल 'मला काळजी वाटते' असे क्वचितच म्हणते. त्याचे पोट दुखते, ते डबा उघडत नाही किंवा शेजारच्या मुलाला ढकलते.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत या ठिकाणी उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा असतात : स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. आपण काही निवडू शकतो, आपल्याला काही जमते आणि आपले कोणीतरी आहे, या तीन जाणिवा म्हणजे स्वास्थ्याची तीन पाये असलेली तिवई होय. यांपैकी एकही जाणीव व्याख्यानाने निर्माण होत नाही. ती पुनःपुन्हा घडणाऱ्या छोट्या अनुभवांतून साठत जाते. असे अनुभव देण्याची सर्वाधिक संधी दिनक्रमात असते, कारण तो रोज घडतो. तासिका चुकली तर पाठ राहतो, पण पाण्याची बाटली भरायची आणि हात धुवायचे राहत नाहीत.

शिक्षणविचारातील व धोरणातील पूर्वपीठिका

दैनंदिन कृतींना शैक्षणिक मूल्य असते हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हा उत्पादक श्रम व दैनंदिन जीवन हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले. या विचाराचे पुढील काळातील श्रेष्ठ भाष्यकार विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ मध्ये झाला, ही रायगडकरांसाठी जिव्हाळ्याची नोंद आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडला विस्तारले व अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर पुढे नेले. बोर्डी आणि कोसबाड ही गावे आजच्या पालघर जिल्ह्यात, म्हणजे उत्तर कोकणच्या याच पट्ट्यात येतात. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने अंगणात आणि कुरणात जावे, हा त्यांच्या अंगणवाडीचा व कुरणशाळेचा गाभा होता. मुलाची भूक, स्वच्छता, बोली आणि काम यांना वर्गाबाहेर ठेवून त्याला शिकवता येत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात मूल्यशिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले आणि वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता यांसारखी मूल्ये परिपाठाशी जोडली गेली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ याने दोन गोष्टी कायद्याच्या भाषेत आणल्या. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई झाली आणि कलम २९ मध्ये बालकाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे हे अभ्यासक्रमाचे एक सूत्र ठरले. २०१० पासून राज्यात सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 'दैनंदिन निरीक्षण' हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन म्हणून स्वीकारले गेले.

दिल्ली शासनाने जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी 'हॅपीनेस करिक्युलम' सुरू केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२१ मध्ये आरंभ झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत स्तरासाठी तीन विकासात्मक ध्येये ठरविण्यात आली. मुलांनी उत्तम आरोग्य व स्वास्थ्य राखणे हे त्यांपैकी पहिले ध्येय आहे. प्रभावी संवाद साधणे व अध्ययनात गुंतून जाणे ही दोन ध्येये त्यानंतर येतात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर झाला. प्राणायाम व योग, श्वसनाची तंत्रे, आपत्ती व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, रस्ता सुरक्षा, समस्या सोडविण्याची कौशल्ये, नातेसंबंध हाताळणे, खेळ व कृती अशा बाबींचा त्यात समावेश आहे. त्याच वर्षी मुलांच्या पुरेशा झोपेचा विचार करून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय झाला.

या प्रवासातून एक गोष्ट लक्षात येते. धोरणाच्या पातळीवर स्वास्थ्याला मान्यता मिळून गेली आहे. प्रश्न उरतो तो ही मान्यता एका ठरावीक गावातील, ठरावीक वर्गातील, ठरावीक मुलापर्यंत कशी पोहोचते याचा.

किनाऱ्यावरील बालकाचे जीवनमान

रायगड किनाऱ्यावरील शाळेचा पट हा एकजिनसी नसतो. कोळीवाड्यातील, आगरी वस्तीतील, मुस्लिम मोहल्ल्यातील, बागायतदारांच्या घरातील आणि कातकरी वाडीवरील मुले एका बाकावर बसतात. त्यांच्या घरचे वेळापत्रक मात्र वेगवेगळ्या घड्याळांवर चालते.

मासेमारी करणाऱ्या घराचे घड्याळ भरती-ओहोटीचे असते. डोलीचे जाळे लावणारा बाप भरतीच्या वेळेप्रमाणे निघतो. मोठ्या यांत्रिक नौकेवर जाणारा अनेक दिवस समुद्रातच असतो. आई पहाटे बंदरावर व तेथून बाजाराला जाते. अशा घरातील मूल अनेकदा भावंडाच्या किंवा आजीच्या हाताने तयार होऊन शाळेत येते. यातील एक विशेष लक्षणीय बाब म्हणजे शाळेचे वर्ष आणि समुद्राचे वर्ष यांचा संबंध. पावसाळी मासेमारी बंदीचा काळ अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै असा राहिलेला आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते, तेव्हा बाप घरी असतो, होड्या शाकारलेल्या असतात, जाळी विणली जातात आणि मिळकत थांबलेली असते. पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा समुद्रात जातात. पहिलीत नुकताच रुळलेला मुलगा ऑगस्टमध्ये अचानक रडू लागला किंवा गप्प झाला, तर त्याचे कारण वर्गात शोधून सापडेलच असे नाही. ते बंदरावर असू शकते.

कातकरी कुटुंबांचे घड्याळ स्थलांतराचे असते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर अथवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचे शालेय वर्ष मध्यावरच तुटते. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक यांची तरतूद राज्यात आहे. तरीही परतलेल्या मुलाला वर्गात आपली जागा पुन्हा सापडते की नाही, हा प्रश्न कागदाने सुटत नाही.

भाषेचे घड्याळही वेगळे असू शकते. मुरूड तालुक्यातील कोर्लई येथे पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली, तरी पोर्तुगीज व मराठी यांच्या संकरातून घडलेली बोली तेथील ख्रिस्ती वस्तीत आजवर बोलली जाते. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. कोळी, आगरी, कातकरी व कोकणी मुस्लिम घरांतील बोलीही प्रमाण मराठीपासून कमी-अधिक अंतरावर आहेत. पहिल्याच दिवशी 'असे बोलू नये, शुद्ध बोल' हे वाक्य ऐकलेल्या मुलाची आपलेपणाची गरज तेथेच जखमी होते.

दैनंदिन कृतींची फोड

(१) आगमन व हजेरी : हजेरी हे प्रशासकीय काम मानले जाते. वस्तुतः दिवसभरात प्रत्येक मुलाचे नाव शिक्षकाच्या तोंडून निश्चितपणे उच्चारले जाण्याचा तो एकमेव क्षण असतो. वरच्या बाकावरील हुशार मुलांची नावे दिवसात अनेकदा घेतली जातात. मागे बसणाऱ्या अबोल मुलीचे नाव हजेरीतच येते. नाव घेताना मान वर करून त्या मुलाकडे पाहणे, काल न आलेल्यास 'काल तुझी आठवण झाली' असे म्हणणे, याला अर्धा मिनिट पुरतो. गैरहजेरीचा जाब आणि गैरहजेरीची दखल यांत फरक आहे. वीटभट्टीवरून चार महिन्यांनी परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी जाब मिळतो की दखल, यावर तो दुसऱ्या दिवशी येणार की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते.

(२) परिपाठ : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, पंचांग व दिनविशेष, सुविचार, बोधकथा, बातम्या आणि मौन असा परिपाठाचा साधारण क्रम सर्वपरिचित आहे. हा क्रम यांत्रिक होण्याची शक्यता मोठी असते, कारण फळ्यावर रोज तीच चौकट भरली जाते. किनाऱ्यावरील शाळेत तिला जिवंत करण्याचे साधन पंचांगातच आहे. तिथीचा अंक तीनने गुणून चारने भागला असता पूर्ण भरतीची वेळ ठोकळमानाने मिळते, हा मच्छीमारांचा परंपरागत हिशोब आहे. पंचमीला पावणेचार आणि अष्टमीला सहा या सुमारास भरती येते. स्थलपरत्वे थोडा फरक पडतो. हा हिशोब चौथीच्या मुलाने परिपाठात मांडला व संध्याकाळी घरी पडताळून पाहिला, तर गणित, भूगोल आणि घरचे ज्ञान एकत्र येतात. त्याहून महत्त्वाचे असे की, अभ्यासात मागे पडलेला कोळीवाड्यातील मुलगा त्या दिवशी वर्गाला काही सांगणारा ठरतो. 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत. उलट तो ते इतरांना समजावून देतो. सक्षमतेची जाणीव यालाच म्हणतात.

मौनाबाबत एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. डोळे मिटून बसणे हे सर्व मुलांना सुखद वाटतेच असे नाही. भीतीदायक प्रसंगातून गेलेल्या मुलाला डोळे मिटताच तो प्रसंग आठवू शकतो. डोळे उघडे ठेवून समोरच्या झाडाकडे पाहण्याची किंवा समुद्राचा आवाज ऐकण्याची मोकळीक त्याला द्यावी. ही मोकळीक म्हणजे स्वायत्ततेचा छोटासा पाठच होय.

(३) हात धुणे व पोषण आहार : १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या पोषण आहार योजनेला २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाचे रूप आले व २०२१ पासून ती पीएम पोषण या नावाने ओळखली जाते. प्राथमिक स्तरावरील मुलामागे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असा तिचा निकष आहे. ज्या मुलाची आई पहाटेच बंदरावर गेली आहे, त्याच्यासाठी शाळेची खिचडी हे अनेकदा दिवसाचे पहिले पोटभर जेवण असते. सकाळच्या तासिकांतील चिडचिड व अनवधान यांचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

जेवणाची पंगत ही शाळेतील सर्वांत मोठी सामाजिक कृती आहे. कोण कोणाशेजारी बसतो, वाढण्याचे काम कोणाला मिळते, कोणाचे ताट आधी भरते, हे मुले बारकाईने पाहतात. जपानमधील प्राथमिक शाळांत मुले आळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात व परिसर स्वच्छ करतात. तेथे या गोष्टी अभ्यासक्रमाचाच भाग मानल्या जातात. आपल्याकडेही वाढपाची पाळी पटाच्या क्रमाने फिरती ठेवली, तर समतेचे मूल्य शब्दावाचून शिकवले जाते. हात धुण्याच्या रांगेत मोठ्या मुलांनी लहानांना आधी जागा देणे हेही त्याच पाठाचे दुसरे पान होय.

(४) स्वच्छता व परसबाग : वर्ग झाडणे, पाणी भरणे, परसबागेला पाणी घालणे ही कामे मुलांनी करावीत काय, यावर मतभेद आहेत. काम कोणाला आणि कशाच्या आधारे दिले जाते, हा येथील निर्णायक प्रश्न आहे. झाडू मुलींच्याच हाती आणि बाके उचलणे मुलांकडेच असेल, कातकरी मुलाला नेहमी कचऱ्याची पाटी आणि गावातील प्रतिष्ठिताच्या मुलाला नेहमी ध्वजाची दोरी मिळत असेल, तर श्रमप्रतिष्ठेच्या नावाखाली शाळा समाजातील उतरंडच गिरवते. शिक्षा म्हणून सांगितलेले काम हे तर श्रमाचा व मुलाचा दोहोंचा अपमान होय. शौचालयाची सफाई मुलांवर कोणत्याही परिस्थितीत टाकू नये. काम फिरते, सर्वांना समान आणि शिक्षकासह केलेले असावे. स्वतः लावलेल्या वेलीला पडवळ लागले आणि ते खिचडीत आले, तेव्हा मुलाला होणारा आनंद हा सक्षमतेचा आनंद असतो.

(५) मोकळा खेळ : मधल्या सुटीतील खेळ हा शिक्षकाच्या विश्रांतीचा काळ समजला जातो. तथापि दैनंदिन निरीक्षणासाठी याहून चांगली वेळ नाही. एकटे उभे राहणारे मूल, सतत खेळाबाहेर काढले जाणारे मूल व सतत भांडणारे मूल अशा तीन प्रकारांची दखल पाच मिनिटांच्या निरीक्षणात घेता येते. तक्रार आल्यावर निवाडा देण्याऐवजी 'आता काय करू या?' असा प्रश्न दोघांनाही विचारणे, हा समस्या सोडविण्याच्या कौशल्याचा प्रत्यक्ष पाठ ठरतो.

(६) निरोप : शाळा सुटताना पाच मिनिटे राखून 'आज काय जमले?' व 'आज कोणी मदत केली?' असे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देणे ऐच्छिक असावे. उत्तर मुलाच्या बोलीत आले तर ते तसेच स्वीकारावे.

निसर्ग चक्रीवादळानंतरचा धडा

दैनंदिन क्रमाचे मोल तो मोडतो तेव्हा कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनी घरांची छपरे, विजेचे खांब आणि नारळ-सुपारीच्या बागा कोसळल्या. शाळांच्या इमारतींचेही नुकसान झाले. त्या वेळी कोरोनामुळे शाळा मार्चपासून बंदच होत्या. म्हणजे ज्या काळात मुलांना ओळखीच्या वेळापत्रकाची, मित्रांची व शिक्षकांची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात शाळा नव्हती. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग शासनाने प्रत्यक्ष सुरू केले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे सुमारे पावणेदोन वर्षांनी. जानेवारी २०२२ मध्ये त्यांत पुन्हा काही काळ खंड पडला.

सुपारीची बाग पडणे म्हणजे एका हंगामाचे नुकसान नव्हे. नवी सुपारी फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. घरातील मोठ्यांची चिंता मुलांनी ऐकलेली असते. वारा वाढला, पत्रा वाजला की वर्गातील काही मुले दचकतात. अशा वेळी 'घाबरायचे नाही' ही सूचना निरुपयोगी ठरते. वारा आला तर काय करायचे, कोठे थांबायचे, कोणाचा हात धरायचा, हे ठाऊक असणे मुलाला आधार देते. आनंददायी शनिवारमधील आपत्ती व्यवस्थापनाचा घटक किनाऱ्यावरील शाळांत या दृष्टीने शिकवला पाहिजे. त्यात बावट्यांच्या इशाऱ्यांचा अर्थ, शाळेतील सुरक्षित खोली, रांगेतील जोडीदार आणि घरच्यांचा निरोप कोणाकडून येणार ही माहिती असावी. महिन्यातून एकदा शांतपणे केलेली अशी रंगीत तालीम भीती वाढवत नाही, तर भीतीला करण्याजोगे काम देते.

याच शनिवारात परिसरातील जीवनही आणता येते. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावणे, जाळ्याच्या गाठी आजोबांकडून शिकणे, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणे (या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), ओहोटीच्या वेळी शिक्षकांसह किनारा पाहणे, अशा कृतींना वेगळा खर्च लागत नाही. त्यातून पालक पाहुणे म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून शाळेत येतात. आपल्या बापाला शिक्षकांनी काही विचारले, हे पाहणाऱ्या मुलाच्या मनात शाळेविषयी निर्माण होणारे नाते कोणत्याही बोधकथेने निर्माण होणार नाही.

मर्यादा व अडचणी

उपरोक्त विवेचनातून सर्व भार शिक्षकावर टाकण्याचा हेतू नाही. शिक्षण हक्क अधिनियमानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे किनाऱ्यावरील लहान वाड्यांतील शाळांत दोघांनी चार इयत्ता सांभाळायच्या असतात. त्यांतील एक जण बैठकीस अथवा ऑनलाइन माहिती भरण्यास गेला की दुसऱ्याकडे संपूर्ण शाळा येते. अशा शिक्षकाकडून मुलाच्या मनाचा ठाव घेण्याची अपेक्षा करताना त्याच्या स्वतःच्या स्वास्थ्याचा विचार करावाच लागतो.

दुसरी अडचण पुराव्याच्या मागणीची आहे. उपक्रम झाला याचे छायाचित्र लागते, आणि छायाचित्रासाठी मुले ओळीत बसवावी लागतात. हजेरीच्या वेळी दिलेल्या नजरेचे किंवा पंगतीतील फिरत्या पाळीचे छायाचित्र निघत नाही. परिणामतः जे दाखवता येते ते वाढते व जे उपयोगी पडते ते आक्रसते. पर्यवेक्षण करणाऱ्यांनी अहवालाऐवजी एक परिपाठ व एक पंगत शांतपणे पाहिली, तर शाळेतील स्वास्थ्याचे अधिक खरे चित्र त्यांच्या हाती येईल.

तिसरी मर्यादा अशी की दिनक्रम हा उपचाराला पर्याय नाही. दीर्घकाळ गप्प असलेले, स्वतःला इजा करणारे किंवा अत्याचाराची चिन्हे दाखवणारे मूल आढळल्यास त्याला तज्ज्ञांची व कायद्याने ठरविलेल्या यंत्रणेची मदत मिळणे आवश्यक आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशी लिहिलेली असावी.

महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका

हा विषय प्राथमिक शिक्षकांपुरता मर्यादित नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयांत आज बसलेले विद्यार्थी काही वर्षांपूर्वी याच परिपाठांतून गेले आहेत आणि त्यांतील काही उद्या शिक्षक होणार आहेत. भूगोल विभागाला स्थानिक भरती-ओहोटीचा सोपा तक्ता शाळांसाठी करता येईल. मराठी विभागाला कोळी, आगरी व कातकरी बोलींतील शब्दांचे छोटे संग्रह पहिलीच्या शिक्षकांसाठी तयार करता येतील. मानसशास्त्र विभागाला शिक्षकांसाठी निरीक्षणाची एका पानाची मार्गदर्शिका देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात भिंती रंगवण्यासोबत शिक्षकांच्या माहिती भरण्याच्या कामात साहाय्य करता आले, तर त्यांचा तेवढा वेळ मुलांना मिळेल. एक पथ्य मात्र पाळावे. मुलांच्या स्वास्थ्याचा अभ्यास करताना त्यांच्या हाती प्रश्नावल्या देऊन गुण काढण्याची घाई करू नये. वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन पाहणारा अभ्यासक मुलांना परिचित होतो आणि त्यालाच खरे दिसते.

समारोप

मूल्यशिक्षणापासून आनंददायी शनिवारपर्यंतच्या धोरणांनी बालकाच्या स्वास्थ्यासाठी शाळेत जागा निर्माण केली आहे. ही जागा भरण्याचे साधन शाळेकडे पूर्वीपासूनच आहे : हजेरी, परिपाठ, पंगत, परसबाग, खेळ आणि निरोप. या कृतींतून मुलाला निवड करता येते काय, काही जमल्याचे समाधान मिळते काय आणि आपण येथले आहोत असे वाटते काय, हे तीन प्रश्न शिक्षकाने रोज स्वतःला विचारावेत. रायगडच्या किनाऱ्यावर त्यांची उत्तरे भरतीच्या वेळेत, स्थलांतराच्या हंगामात, घरच्या बोलीत आणि वादळाच्या आठवणीत शोधावी लागतात. त्यामुळे स्वास्थ्याचा अभ्यासक्रम वरून आला तरी त्याचे पाठ प्रत्येक शाळेला आपल्या गावातच लिहावे लागतील. ते लिहिण्यासाठी शिक्षकाला वेळ व विश्वास देणे, हे शिक्षण विभागाचे आणि परिसरातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.